पैलवानाचं डाएट

३ जून

आज मोठे साहेब मत्स्यालयाच्या फेरीवर आले. उथळ हौदापाशी थांबले. वाळूत अंग पुरून बसलेल्या आमच्या पाकट माशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाले, दोघेही जरा सुटलेत. आणि हसत पुढे गेले.

साहेब विनाकारण काही बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात अधीक्षकपदाच्या कायम नेमणुकीची मुलाखत आहे. मी कित्येक वर्षं प्रभारी अधीक्षक. दारावरच्या पाटीवर 'प्रभारी' हा शब्द कंसात लिहिलाय. तो कंस माझ्या घशात अडकलाय. समोर उमेदवार एकच, आमच्या डॉक्टरबाई. माशांच्या डॉक्टर. हुशार आहेत, नाही म्हणत नाही. पण मी इथे चिकटलो तेव्हा त्या शाळेत असतील.

ठरलं. मासा आणि मी, दोघेही बारीक होणार. समितीपुढे दोघेही सडपातळ हजर. साहेबांच्या एका वाक्यातून अख्खी मोहीम उभी करणारा माणूस त्यांना दुसरा कुठे मिळणार?

उद्यापासून.

४ जून

आज शुक्रवार. आठवड्याच्या शेपटाला कुणी सुरुवात करत नाही. सोमवारपासून.

तोवर मुलाखतीची उजळणी. पाकट मासा. ताटाएवढा, चपटा, अंगावर निळे ठिपके. उष्ण समुद्रात किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो. दिवसभर वाळूत पडून, वर फक्त डोळे. (सरकारी नोकरीला लायक.) शेपटीवर विषारी काटा. आमच्या माशाचं नाव मीच ठेवलं, पैलवान. नर आहे. हे त्याच्या बसण्यावरूनच कळतं. बोर्डावरही मीच लिहून घेतलं, 'नर. स्वभाव तापट.' बोर्ड अॅक्रिलिकचा आहे आणि साहेबांच्या हस्ते लागलाय.

७ जून, सकाळी

शुभारंभ. पैलवानाचा कोळंबीचा खुराक निम्मा. माझा नाश्ता पूर्ण बंद. मन एकदम हलकं.

७ जून, दुपारी

कॅन्टीनमध्ये ऑम्लेट. कॅन्टीनवाल्याचा आग्रह मोडवेना. म्हणजे तो म्हणाला, रोजचंच ना? त्याच्या स्वभावाला हा आग्रहच म्हणायचा.

पैलवान मात्र निम्म्यावर ठाम राहिला. अभिमान वाटला.

१० जून

रोज संध्याकाळी समुद्रकाठाने चालायचं ठरवलं होतं. नवे बूट आणले. चावतात. नवे बूट सैल व्हायला वापरावे लागतात आणि वापरले की चावतात, यातून मार्ग नाही. सध्या टेबलाखाली घालून बसतो. आपोआप सैल होतील.

ही डब्यात काकडी देते. नुसती काकडी. मी हूं की चूं केलं नाही. काकडी समुद्री कासवाला घातली. मुक्या जिवाचा आनंद बघितला की आपली भूकही मरते. कॅन्टीनमध्ये केक होता.

१४ जून

डॉक्टरबाई तरातरा केबिनमध्ये आल्या. पैलवानाचा खुराक कुणी कमी केला म्हणून विचारलं. मी शांतपणे सांगितलं, मी. औषध डॉक्टरांच्या अखत्यारीत, आहार अधीक्षकाच्या. त्या म्हणाल्या, अहो तो जाड नाही झालाय, ती मादी आहे आणि पोटुशी आहे. अशात तिला उपाशी ठेवाल तर पिल्लं हाती लागायची नाहीत.

मी खिडकीतून हौदावरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, बोर्ड चुकलाय. नराला शेपटीच्या मुळाशी दोन बाजूंना बोटांसारखे अवयव असतात, हिला नाहीत, वाकून बघा. मी म्हटलं, बाई, हे ऑफिस आहे.

मग त्यांनी फेब्रुवारीतलं प्रकरण उकरून काढलं. तेव्हा हौदात दुसरा एक पाकट होता, टग्या. त्याने पैलवानाची कड तोंडात धरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. सरळसरळ दादागिरी. मी तिथल्या तिथे टग्याला मागच्या टाकीत एकटा टाकला आणि लेखी ताकीद त्याच्या काचेवर चिकटवली. अजून आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, ती मारामारी नव्हतीच. या माशांत नर मादीला असाच धरतो. पुढचं त्या बोलल्या नाहीत आणि मी विचारलं नाही.

माझ्या सगळं लक्षात आलं. ऐन मुलाखतीच्या तोंडावर माझा मासा मादी ठरवायचा. मासा मादी ठरला की बोर्ड खोटा. बोर्ड खोटा की मी खोटा. माणसं खुर्चीसाठी कुठल्या थराला जातील सांगता येत नाही.

१५ जून

हौद धुणाऱ्या मामांना विचारलं, पैलवान नरच ना हो? म्हणाले, तर काय साहेब, चांगला बाप्या गडी आहे. घटकाभराने तेच मामा डॉक्टरबाईंना सांगत होते, होय बाई, दोन जिवांची दिसतेय बिचारी. मामा म्हणजे वारा येईल तशी पाठ. पण आधी माझ्या बाजूने बोलले, याची नोंद घेतली.

२० जून, रविवार

ही हौद बघायला आली. पैलवान नेमका काचेवर चढलेला, पांढरं पोट समोर. हिने एकदा बघितलं आणि म्हणाली, अहो, ही पोटुशी आहे हो. खायला नीट घालता ना?

मी म्हटलं, असं तू माझ्याकडे बघूनही म्हणाली होतीस. म्हणाली, तेव्हा थट्टा होती.

तीन बाळंतपणं झाली म्हणून कुणी माशांतलं तज्ज्ञ होत नाही. हे मी हिला सौम्य शब्दांत समजावलं. परतताना बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत बसली. समजलं असावं.

२५ जून

आश्चर्य आहे. निम्म्या खुराकावर पैलवान फुगतच चाललाय. माझा पट्टाही एक भोक बाहेर सरकला. दोघांचं एकदम वाढतंय म्हणजे दोष आमच्यात नाही, हवेत आहे. खाऱ्या हवेने अंग सुजतं हे मी कुठेतरी वाचलंय. वाचलं नसेल तर कुणीतरी लिहायला हवं.

कासवाच्या टाकीवर डॉक्टरबाईंनी सूचना लावली आहे की कासवाला काकडी घालणाऱ्याने कृपया थांबावं, त्याचं पोट बिघडलंय. लोकांना खरंच शिस्त नाही.

२८ जून

फितुरी!

संध्याकाळी चालायला म्हणून बाहेर पडलो. आइसक्रीमच्या दुकानापर्यंत पोचलो आणि लक्षात आलं, चष्मा ऑफिसात राहिला. परत येऊन बघतो तर हौदापाशी डॉक्टरबाई आणि मामा. चिमट्याने पैलवानाला कोळंबी चालली आहे. तीही सोललेली! माझी पाठ फिरली की रोज हेच चालत होतं म्हणे. म्हणजे हवेचा दोष नव्हता तर.

मामांना जाब विचारला. म्हणाले, साहेब, तुम्ही सांगता कमी घाल, बाई सांगतात जास्त घाल, मी दोघांचं ऐकलं.

फ्रीझरला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. यापुढे सगळ्या माशांचं खाणं मी स्वतः काढून देणार. हे असं खंबीर पाऊल उचलल्यावर जी भूक लागते ती वेगळीच.

१ जुलै

डॉक्टरबाई आज बाजारातून स्वतः कोळंबी घेऊन आल्या. मी आधीच गेटवर फलक लावला होता, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई.' गेटवाल्याने पिशवी ठेवून घेतली. नियम सगळ्यांना सारखा.

त्या थेट साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दोघांनाही बोलावून शांतपणे ऐकून घेतलं आणि निर्णय दिला की निर्णय मुलाखतीनंतर घेऊ. तोपर्यंत जसं आहे तसं. साहेबांची ही दूरदृष्टी मला नेहमीच भावते.

बाहेर आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, तुम्हाला ही जागा हवी आहे ना, घ्या, मी अर्ज मागे घेते, पण तिला खायला घाला. मी हसलो. केवढी भीती बसली आहे बाईंना माझी!

७ जुलै

डाएटला फळ आलं. पैलवानाच्या कडा बारीक झाल्या. अंग पातळ. पोट तेवढं जात नाही. माझंही तसंच आहे, पोट नेहमी शेवटी जातं.

स्वभावातही फरक. पूर्वी मी हौदाच्या काठावर टिचकी मारली की धावत यायचा. आता पडून असतो. वाळूसुद्धा अंगावर ओढून घेत नाही. अंगी संयम बाणला की असंच होतं.

हिला सांगितलं. ही जेवता जेवता थांबली. म्हणाली, मला धाकट्याच्या वेळी काही जायचं नाही, तेव्हा तुम्ही रात्रंदिवस माझ्या मागे लागायचात, चार घास खा म्हणून. मग आताच काय झालं तुम्हाला?

विषयाचा काय संबंध? पण ताटात होतं ते सगळं मी संपवलं, टाकून कसं चालेल.

१२ जुलै

समितीपुढे करायच्या प्रात्यक्षिकाची तालीम. बेत असा. समितीचे तीन सभासद हौदाभोवती. मी काठावर टिचकी मारणार. पैलवान येणार. मी हाताने एक कोळंबी भरवणार. विषारी मासा आणि माणूस यांतला विश्वास बघून समिती अवाक. मग मी बारीक झालेल्या कडा दाखवणार, मग स्वतःकडे निर्देश करणार.

तालमीत पैलवान आला नाही. तीनदा टिचकी मारली. चौथ्यांदा जरा हलला आणि तोंड फिरवलं. खरे कलावंत तालमीत जीव ओतत नाहीत.

१५ जुलै

उद्या मुलाखत. सगळी तयारी झाली. नव्या शर्टाचं मधलं बटण लागत नाही. टाय लांब बांधायचा.

डॉक्टरबाई दिवसभर हौदापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. अभ्यास सोडून. बाईंनी मैदान सोडलं, म्हटलं. जाताना मला म्हणाल्या, आज-उद्यात पिल्लं होतील, कृपा करून हौदात हात घालू नका. मी म्हटलं, आपण माझ्या प्रात्यक्षिकाची काळजी करू नये.

१६ जुलै

डाव्या हाताने लिहितोय. मुलाखत झाली. एकंदरीत बरी. बाकी उद्या.

१७ जुलै

आता जरा सविस्तर. अक्षर वाईट येतंय, हात अजून बटाट्यासारखा सुजलाय.

समिती बरोबर वेळेवर आली. साहेबही होते. मी टिचकी मारली. पैलवान आला नाही. मी सांगितलं, तो विचार करतोय. पुन्हा टिचकी. तेवढ्यात मला त्याच्या खाली, शेपटीकडच्या बाजूला, काहीतरी अडकलेलं दिसलं. तपकिरी, गुंडाळलेलं, बिस्किटाच्या पुड्याच्या कागदासारखं. डोकंच फिरलं. ऐन मुलाखतीत कचरा! पण मी संधी साधली. समितीकडे वळून प्रेक्षकांच्या बेशिस्तीवर आणि स्वच्छतेवर एक छोटंसं भाषण केलं. छान वठलं. डॉक्टरबाई मधेच ओरडल्या, नका, हात घालू नका. मी म्हटलं, अधीक्षक कुणाची वाट बघत नसतो. आणि बाही सरसावून हात घातला.

कागदाला बोट लागलं. कागद उलगडला, त्याला दोन डोळे होते, आणि तो पोहत निघून गेला.

त्यानंतर शेपटी आली.

काटा तळहातात. दुखणं कसं होतं ते लिहीत नाही, डाव्या हाताला तेवढे शब्द येत नाहीत. मी ओरडलो नाही. साहेब म्हणतात ओरडलो. मत्स्यालयाबाहेरच्या पानवाल्यालाही ऐकू गेलं म्हणे, पण त्याला काय, तो काहीही सांगतो.

डॉक्टरबाईंनी हात गरम पाण्याच्या बादलीत बुडवून धरला. सोसेल तेवढं कढत पाणी, यानेच विष उतरतं. सरकारी डॉक्टर येईपर्यंत तासभर मी बादलीपाशी. समितीने वेळ वाया नको म्हणून मुलाखत तिथेच उरकली. एकाने विचारलं, या माशांचं प्रजनन कसं होतं? मी म्हटलं, अंडी घालतात. अशा वेदनेत असले प्रश्न विचारणं माणुसकीला धरून नाही.

त्याच वेळी हौदावर गर्दी जमली होती. दुसरं पिल्लू येत होतं. मामा धावत सांगायला आले, साहेब, पैलवान बाळंत झाला!

समिती मला तशीच सोडून बघायला गेली.

१९ जुलै

निकाल. डॉक्टरबाई.

पण त्यांनी तर अर्ज मागे घेते म्हटलं होतं? विचारलं. म्हणाल्या, तुम्ही हसलात, म्हणून नाही घेतला.

माझ्या मते हा निकाल आधीच ठरलेला होता. अनुभवाला किंमत राहिली नाही. आजकाल नुसतं ज्ञान बघतात.

फ्रीझरची किल्ली दिली. त्यांनी सगळ्यांत आधी कुलूप उघडलं, मग खुर्चीत बसल्या.

२१ जुलै

माझं पद आता सहायक. कंस गेला, हे एक बरं झालं.

पिल्लं दोन. मोठं चांगलं हातभर... नाही, तळहाताएवढं. धडधाकट आहे, हौदभर फिरतं. दुसरं चटणीच्या वाटीएवढंही नाही. एका कोपऱ्यात पडून असतं. कडा चिंध्यांसारख्या. खात नाही. आई आता खाते, भरपूर खाते, मीच घालतो. पण धाकट्याला जन्माआधी जेवढं मिळायला हवं होतं तेवढं मिळालेलं नाही. हे डॉक्टरबाईंनी मला सांगितलं नाही. साहेबांना सांगत होत्या, मी दाराबाहेर होतो. माझं नाव घेतलं नाही त्यांनी. म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत खुराक कमी पडला.

घेतलं असतं तर भांडता आलं असतं.

२४ जुलै

धाकट्याची जबाबदारी नव्या अधीक्षकांनी माझ्यावर टाकली. शिक्षा म्हणून असेल. त्या म्हणतात, तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ हौदापाशी असता म्हणून. दिवसातून चार वेळा कोळंबीचा बारीक कुटलेला तुकडा चिमट्यात धरून त्याच्या तोंडाशी न्यायचा. तोंड खालच्या बाजूला, म्हणून मला हौदाच्या काठावर पालथं पडावं लागतं. पोट दबतं. तुकडा त्याच्या अंगावरून वाहून जातो. पुन्हा दुसरा.

आज एकही घेतला नाही.

२८ जुलै

घेत नाही.

सोलून बघितली, वाटून बघितली, माझ्या पद्धतीने बारीक करून बघितली. टिचकी मारली. जरा रागावलो. मग समजूत काढली. मामा म्हणाले, साहेब, माशाला काय सांगताय. मी म्हटलं, तुम्ही आपला हौद धुवा.

दुपारी हिने विचारायला फोन केला की डब्यातलं खाल्लं का. डबा उघडायचाच राहिला होता. खोटं सांगितलं की खाल्लं.

३१ जुलै

डॉक्टरबाई आज माझ्याशेजारी काठावर येऊन पालथ्या पडल्या. मग मी विचारलं, वाचेल का? म्हणाल्या, खाल्लं तर. मी म्हटलं, जूनमध्ये मी तुमचं ऐकलं असतं तर? त्या म्हणाल्या, चिमटा जरा खाली धरा.

२ ऑगस्ट, सोमवार

आज माझी सुट्टी. घरातून तीनदा फोन केला. मामांनी तिन्ही वेळा सांगितलं, हो साहेब, खाल्लं. त्यांचं काय खरं मानायचं.

संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. खाल्लंय. मी विचारलं, कुणाच्या हातून? म्हणाल्या, कुणाच्याच नाही. आज जेवणाच्या वेळेला कुणालाच तिकडे जायला जमलं नाही. हौदाशी आवाज नव्हता, माणूस नव्हता. नंतर मी लांबूनच काचेतून बघितलं. काल वाळूत पडून राहिलेला एक तुकडा त्याने आपला आपण शोधला आणि गिळला. मग दुसरा शोधला.

आठवडाभर मी पालथा पडलो, ते सगळं पाण्यात. माझ्याशिवाय जमलं त्याला. माझ्याशिवायच जमलं.

फोन ठेवून तसाच बसलो. हिने स्वयंपाकघरातून येऊन बघितलं. विचारलं, अहो, रडताय की काय? मी म्हटलं, छे, हात ठणकतोय. हात बरा होऊन आठवडा झाला, हे हिला ठाऊक आहे. पट्टी हिनेच सोडली.

ही आत गेली, पातेल्यात पाणी तापवलं आणि माझ्यासमोर आणून ठेवलं. मी मुकाट्याने हात बुडवून बसलो.